उसाच्या फडातील वेलतण आणि त्याचा बंदोबस्त



गेल्या गाळप हंगामात आमच्या शेती विभागाकडे तोडणीबाबत ज्या तक्रारी आल्या, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. टोळी फडात उतरते, चार सऱ्या तोडते आणि थांबते. मुकादम म्हणतो, "इथं कोयता चालत नाही, ऊस उसाला बांधलाय." मालक म्हणतो, "पाळीपत्रकाप्रमाणं माझी पाळी आली, आता थांबू कसा?" मग टोळीला वर काहीतरी द्यावे लागते. ते परवडत नाही तेव्हा काडी लावून फड मोकळा करण्याचा विचार मनात येतो. जळीत उसाचे वजन घटते, त्याच्या भावात कपात होते आणि पाचट जाते ते वेगळेच. हे सारे कशामुळे? तर बोटाएवढ्या जाडीचाही नसलेल्या एका वेलामुळे.

अशाच एका फडाचे मालक असलेले वयस्क सभासद गट ऑफिसात आले आणि त्यांनी आम्हाला सरळ विचारले, "साहेब, मोठी बांधणी झाली की तणाचं काम संपलं, असं तुम्हीच मेळाव्यात सांगितलं होतं. मग औंदा वेलानं माझ्या उसाचा गळा कसा धरला?"

प्रश्न रास्त होता. तसे आम्ही सांगितले होते, आणि गवताच्या बाबतीत ते खरेही आहे. बांधणीनंतर उसाची पाने मिटतात, खाली सावली पडते आणि गवत दबते. पण वेल सावलीत बसून राहत नाही, तो उजेडाकडे चढतो. आमचे सांगणे अर्धवट होते हे येथे कबूल करतो, आणि राहिलेला अर्धा भाग आज या पाठात मांडतो.

वेल ओळखावा कसा?

आपल्या भागात उसातल्या वेलांना हरणखुरी, चांदवेल, खांडखुळी अशी नावे आहेत. एकाच वेलाला दोन गावांत दोन नावे असतात, त्यामुळे नावावर जाऊ नये. वेल उपटून त्याचे मूळ पाहावे. मुळावरून त्यांचे दोन वर्ग पडतात आणि दोघांचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिला वर्ग बियांपासून दरवर्षी नव्याने येणाऱ्या वेलांचा. यांची फुले कर्ण्याच्या आकाराची, निळी, जांभळी, गुलाबी किंवा लहान व तांबडी असतात. ती सकाळी उमलतात आणि ऊन चढले की कोमेजतात. मोठी पाने बदामाच्या आकाराची किंवा तीन भागांत चिरलेली असतात. मात्र फुलाची वाट पाहू नये. बी उगवल्यावर जी पहिली दोन पाने निघतात, ती टोकाला मधोमध चिरलेली असतात, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी. ही खूण घरातल्या लहान मुलांनाही दाखवून ठेवावी. या वेलांचे मूळ साधे असते आणि ओल असताना सहज उपटून येते. काष्ठौषधीच्या दुकानात रेचक म्हणून मिळणारा काळादाणा हे यांपैकीच एका वेलाचे बी होय.

दुसरा वर्ग खऱ्या हरणखुरीचा. हिचे पान लहान, बाणाच्या टोकासारखे असते आणि फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी. ही बियांपासून येते तशी मुळांपासूनही येते. हिचे मूळ कित्येक फूट खोल जाते आणि तुटलेल्या तुकड्यालाही फूट येते. म्हणून "काल खुरपली आणि आठ दिवसांत पुन्हा आली" अशी तक्रार असेल, तर बहुधा तुमची गाठ हिच्याशीच आहे.

बियांवर येणाऱ्या वेलांपैकी काही मूळचे अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातले. फुलांच्या हौसेने माणसांनीच ते देशोदेशी नेले. दारातल्या मांडवावर चढवलेला, कंगव्यासारख्या पानांचा आणि चांदणीसारख्या लाल फुलांचा गणेशवेलही त्याच प्रदेशातला. दारात तो शोभतो, पण विहिरीच्या कुंपणावर लावला तर त्याचे बी पाटाच्या पाण्याबरोबर मळ्यात जायला वेळ लागत नाही. हौस जरूर करावी, पण पाटापासून दूर, आणि बोंडे वाळण्याआधी काढून.

नुकसान किती?

देशातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांत सर्व तणांमुळे मिळून उसाचे उत्पादन १२ पासून ७२ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले आहे. लागणीनंतरच्या पहिल्या ५० दिवसांत तण हे उसाच्या मानाने चौपट नत्र व स्फुरद आणि अडीचपट पालाश उचलते. म्हणजे खताची गोणी आपण उसासाठी फोडतो आणि जेवून जाते तण.

वेलाचे नुकसान यापुढचे आहे. इतर तण उसाच्या पायाशी खाते, वेल डोक्यावर बसतो. तो शेंड्यावर पसरला की उसाच्या पानांना ऊन मिळत नाही, आणि साखर तर पानांतच तयार व्हायची असते. पाच-सहा उसांना एकत्र गुंडाळल्यावर वारा सुटला की एक ऊस पडताना बाकीच्यांना ओढून नेतो. पडलेल्या उसाला मुळ्या व पांगशा फुटतात, उंदीर लागतात, उतारा घसरतो. तोडणीला दुप्पट वेळ लागतो. तोडणी यंत्रातही हा वेल गुंडाळला जातो आणि यंत्र थांबवून तो काढावा लागतो.

खरा शत्रू बी आहे

आता एक सोपा हिशेब करू. समजा, तुमच्या फडात गुंठ्याला एकच वेल राहिला. फडाकडे पाहून कोणीही म्हणेल, "रान स्वच्छ आहे." एकराला असे वेल झाले ४०. एका वेलाला समजा १०० बोंडे लागली आणि एका बोंडात ४ बिया धरल्या, तर एका वेलाच्या ४०० बिया झाल्या. चाळीस वेलांच्या झाल्या १६,०००. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. म्हणजे दर पावणेतीन चौरस फुटांना एक बी पडले, आणि तेही "स्वच्छ" रानात!

हे बी एकदम उगवून आले असते तर एका खुरपणीत काम झाले असते. तसे होत नाही. बियांचे कवच टणक असते, पाणी लवकर आत शिरत नाही. काही बिया पहिल्या पावसाला उगवतात, काही दुसऱ्या पाण्याला, काही पुढच्या वर्षी आणि काही त्यानंतर. हरणखुरीचे बी तर जमिनीत वीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकते. म्हणून या वर्षी वेल काढला की नाही, एवढाच प्रश्न नाही. या वर्षी वेलाला बी धरू दिले की नाही, हा खरा प्रश्न आहे. या पाठातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी.

केव्हा काढावा?

सुरू हंगामाचा ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो. साडेचार-पाच महिन्यांनी मोठी बांधणी होते, म्हणजे बहुधा जूनच्या सुमारास. बांधणीत आपण माती उलटतो, खाली गाडलेले बी वर आणतो, आणि नेमका त्यावर मृगाचा-आर्द्राचा पाऊस पडतो. वेलाला याहून चांगली पेरणी कोण करून देणार? त्याच वेळी आपण मात्र बांधणी आटोपली म्हणून फडाकडे पाठ फिरवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. पुढे ऊस दाट होतो, आत शिरता येत नाही. भाद्रपद-आश्विनात शेंड्यावर फुले दिसतात तेव्हा जाग येते.

तेव्हा बांधणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी, पाऊस उघडून वाफसा आला की, प्रत्येक सरीतून एक फेरी मारावी. त्या वेळी वेल वीतभर असतो आणि हाताने उपटतो. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, आत शिरता येते तोवर, आणखी एक फेरी. या दोन फेऱ्यांना जी मजुरी पडेल ती तोडणीच्या वेळच्या खोळंब्याशी ताडून पाहावी. "आत्ता कुठं वेल दिसतोय?" असे म्हणणाऱ्याला आम्ही सांगतो, दिसत नाही तोवरच तो आपल्या हातात आहे.

आडसाली उसाची मोठी बांधणी थंडीपूर्वी किंवा थंडीत होते, आणि पुढच्या पावसाळ्यात ऊस डोक्याच्या वर असतो. तेथे वेल शिरतो तो उजेडाच्या वाटेने, म्हणजे बांधाच्या कडेने, पाटाच्या कडेने आणि जेथे नांग्या पडल्या आहेत तेथून. म्हणून नांग्या वेळेवर भरणे हेही वेलाचे औषधच आहे. पावसाळ्याच्या तोंडाला फडाच्या चारी कडा आतल्या चार-पाच सऱ्यांपर्यंत साफ कराव्यात.

कसा काढावा?

लागणीपूर्वी रान तयार झाल्यावर एक पाणी द्यावे. वरच्या थरातले बी उगवले की वाफशावर कुळवाची उथळ पाळी घालून ते मोडावे आणि मग सऱ्या सोडाव्यात. यात आठ-दहा दिवस जातात, पण पहिली लाट पीक नसतानाच मरते.

कोवळा वेल ओल असताना मुळासकट उपटावा. खुरप्याने काढायचा तर पहिल्या दोन पानांच्या खाली, जमिनीत पाते घालून काढावा. वरून छाटला की बगलेतून पुन्हा फुटतो. उपटलेले वेल ओल्या सरीत टाकू नयेत, बांधावर उन्हात वाळवावेत.

वेल उसावर चढला असेल तर वरून ओढू नये. ओढल्याने उसाची पाने फाटतात, शेंडा मोडतो आणि वेलही मधेच तुटतो. खाली वाकून, बुडाशी विळ्याने कापावा आणि बुडखा उपटावा. वरचा भाग जागीच वाळतो आणि सुकला की त्याची पकड ढिली होते. हे काम फुले येण्याआधी झाले पाहिजे. बोंडे धरली असतील तर कडेची हाताला येतील तेवढी गोळा करून जाळावीत, जनावरांपुढे टाकू नयेत.

हरणखुरीला मात्र एका दिवसाचा उपाय नाही. तिचे बळ मुळात साठवलेल्या अन्नात असते. प्रत्येक फुटीला ती त्यातले थोडे खर्च करते आणि पाने मोठी झाली की पुन्हा भरणा करते. तिला भरणा करू द्यायचा नाही, खर्चच करायला लावायचे. दर दोन-तीन आठवड्यांनी फूट काढत राहिल्यास मूळ हळूहळू थकते. अशा रानात रोटाव्हेटर फिरवू नये. एका मुळाचे पन्नास तुकडे होतात आणि ते रानभर पसरतात. खोडवा मोडल्यावर उन्हाळ्यात खोल नांगरट करावी, मुळ्या वेचाव्यात आणि कडक उन्हात वाळवून जाळाव्यात. त्यानंतर ताग किंवा धैंचा दाट पेरून वेलाला बी धरण्याआधी, दीड महिन्याच्या सुमारास, गाडावा. जमिनीलाही विसावा मिळतो.

औषधाबद्दल दोन शब्द

"कोणतं औषध मारू?" हा प्रश्न आम्हाला सर्वांत आधी विचारला जातो, म्हणून मुद्दाम शेवटाकडे घेतला. लागणीनंतर वापसा असताना मारायची अॅट्राझीन किंवा मेट्रीब्युझीनसारखी तणनाशके पहिली लाट दाबतात, पण त्यांचा जोर पावसाळ्यापर्यंत पुरत नाही. उगवलेल्या रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे जुने औषध आहे. वेल दोन ते चार पानांवर असताना त्याचा चांगला उपयोग होतो. शेंड्यावर पसरलेल्या वेलासाठी दाट फडात ते नीट मारताच येत नाही. उसात सोयाबीन, हरभरा, कांदा किंवा भाजीपाल्याचे आंतरपीक असेल तर २,४-डी मुळीच मारू नये.

आणि शेजाऱ्याकडेही पाहावे. द्राक्षे, कापूस, टोमॅटो, वांगी, मिरची, तूर ही पिके २,४-डी च्या उडत्या तुषारांनीही वाकडी होतात. वारा पडलेला असताना, नोझल जमिनीजवळ धरून, सरीतल्या तणावरच फवारावे. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. तोच पंप धुऊन भाजीवर कीटकनाशक मारायला नेला आणि भाजी आखडली, असे घडते, आणि दोष मात्र नव्या औषधाला लागतो. औषधाचे प्रमाण डब्यावरच्या पत्रकात ऊस पिकासाठी जे छापले असेल तेच घ्यावे. दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नये, शंका असल्यास गट ऑफिसात विचारावे. हातमोजे घालावेत, नाका-तोंडाला फडके बांधावे, आणि फवारलेल्या रानातला चारा जनावरांना घालू नये.

पाचटामुळे वेल वाढतो काय?

आपण सर्वांनी खोडव्यात पाचट ठेवावे, असा आमचा आग्रह असतो. त्यावर काही सभासद म्हणाले, "तुमच्या पाचटानंच वेल माजला, पूर्वी पेटवत होतो तेच बरं होतं."

यातही काही तथ्य आहे, ते लपवण्याचे कारण नाही. पाचटाच्या थराखाली बारीक बियांचे गवत उगवत नाही. वेलाचे बी मात्र टपोरे असते, त्यात शिदोरी भरपूर असते. त्यामुळे त्याचा कोंब पाचट भेदून वर येतो. ब्राझीलसारख्या देशात ऊस न जाळता तोडायला सुरुवात झाल्यावर तेथेही हाच अनुभव आला, गवत घटले आणि वेल उठून दिसू लागले. म्हणजे पाचट वेल वाढवते असे नव्हे, पाचट बाकीचे तण मारते आणि वेल तेवढा शिल्लक राहतो.

यावर उपाय पाचट पेटवणे हा नाही. पाचटाने पाणी वाचते, जमिनीत सेंद्रिय खत पडते आणि खुरपणीचा मोठा खर्च टळतो. टळलेल्या खर्चातला थोडा भाग वेल वेचण्यावर घालावा. खोडव्याला पहारीने खताचा दुसरा हप्ता सुमारे १३५ दिवसांनी देतो. पहार मारणाऱ्या माणसाच्या मागे एक माणूस वेल उपटत चालला, की एका फेरीत दोन कामे होतात. हिरव्या वेलाचा कोंब पिवळ्या पाचटावर लांबून दिसतो, ही उलट सोयच आहे.

बांध, पाट आणि उकिरडा

वेलाला सातबारा कळत नाही. आपला फड साफ केला आणि सामाईक बांधावर वेल फुलला, तर पुढच्या वर्षी दोघांच्याही रानात तो येणार. बांधावरच्या वेलावरून "तुझा का माझा" असा वाद घालण्यापेक्षा दोघांनी मिळून श्रावणात एक सकाळ बांधाला द्यावी. पाटाचेही तसेच. एकाच पाटावर भिजणाऱ्या सभासदांनी पाळी सुरू होण्यापूर्वी पाटाच्या दोन्ही कडा छाटून घ्याव्यात, कारण वरच्याचे बी पाण्याबरोबर खालच्याला मिळते.

तिसरी वाट उकिरड्याची. टणक कवचाचे बी जनावराच्या पोटातून शेणात जिवंत बाहेर पडू शकते. कच्चे शेणखत रानात टाकणे म्हणजे खताबरोबर वेल पेरणे होय. खत खड्ड्यात ओलसर ठेवून, एक-दोनदा वरखाली करून, पूर्ण कुजवूनच टाकावे. कुजताना खड्ड्यात जी उष्णता तयार होते तिने बी मरते.

वर्षाचे वेळापत्रक

हे कापून गोठ्याच्या भिंतीला लावावे.

१) लागणीपूर्वी : एक पाणी, उगवलेले तण मोडणे, मग सऱ्या.
२) लागणीनंतर पहिले तीन-चार महिने : रान तणमुक्त ठेवणे, नांग्या भरणे.
३) मोठ्या बांधणीनंतर तीन-चार आठवड्यांनी : सरीसरीतून पहिली फेरी.
४) त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी : दुसरी फेरी.
५) श्रावण : सामाईक बांध व पाट.
६) भाद्रपद ते दिवाळी : कडेने फिरून फुलावरचे वेल बुडाशी कापणे. एकही बोंड वाळू द्यायचे नाही.
७) तोडणीच्या वेळी : जेथे वेल सापडेल ती जागा खुंटीने खुणावून ठेवणे. पुढच्या वर्षी पहिली फेरी तेथून सुरू करावी.

पहिल्या वर्षी हे सारे करूनही दुसऱ्या वर्षी वेल येईल. "तुमचं ऐकलं आणि काही उपयोग झाला नाही," असे कृपया म्हणू नका. तो जुन्या बियांचा वेल असेल. नवे बी पडले नाही तर दरवर्षी त्याची संख्या उतरत जाते आणि फेरीला लागणारे मजूरही कमी होतात. मात्र तिसऱ्या वर्षी, रान साफ दिसते म्हणून फेरी चुकवली, की वरचा १६,००० चा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ज्या वयस्क सभासदांच्या प्रश्नावरून हा पाठ लिहिला, त्यांच्या फडात मोठ्या बांधणीनंतरची पहिली फेरी आमच्या गटाचे कर्मचारी त्यांच्याबरोबर मारणार आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. येताना आपल्या फडातला एक वेल मुळासकट उपटून आणावा, म्हणजे तो कोणत्या वर्गातला हे तेथेच बघता येईल. आणि यंदा बांधणी आटोपल्यावर औजारे घरी नेताना एक खुरपे मात्र फडाच्या तोंडाशी ठेवून या. त्याचे काम अजून संपलेले नाही.

आपला,
शेती विभाग